व्हॅनिलाची सकाळ

व्हॅनिलाचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. त्या फिकट हिरव्या-पिवळ्या फुलात पराग आणि कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. तो दूर सारून दोघांची गाठ घातली नाही, तर शेंग धरत नाही. बागेतली जवळजवळ प्रत्येक शेंग माणसाच्या बोटांनी धरवलेली असते.

आंब्याच्या फांदीवर लोंबणारी आपली सीतेची वेणी आणि व्हॅनिला एकाच ऑर्किड कुळातल्या. व्हॅनिलाच्या शंभरावर जाती आहेत. दक्षिण भारतातल्या जंगलांत एक बिनपानांची जातही वाढते. सुगंधासाठी मात्र मुख्यतः मेक्सिको-मध्य अमेरिकेची व्हॅनिला प्लॅनिफोलिया लावतात. तिथल्या पापांतला भागातले तोतोनाक लोक ती पूर्वापार जोपासत आले. आझ्टेक तिची शेंग कोकोच्या पेयात घालत.

मायदेशाबाहेर गेलेली वेल वाढे, फुले, पण शेंग देत नसे. 1836 मध्ये बेल्जियमच्या लिएजमध्ये चार्ल्स मॉरेन यांनी काचघरात हाताने परागीकरण करून शेंगा धरवल्या. शेतात चालणारी झटपट पद्धत शोधली ती 1841 मध्ये, आजच्या रीयुनियन बेटावर, एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने. काडीने पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबायचा, एवढेच. मालकाने त्याला मळ्यामळ्यांत शिकवायला पाठवले. 1848 मध्ये गुलामगिरी संपल्यावर त्याला आल्बियस हे आडनाव मिळाले, पैसा मिळाला नाही. श्रेयावर एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने हक्क सांगितला, तेव्हा जुना मालकच एडमंडच्या बाजूने उभा राहिला. 1880 मध्ये एडमंड दारिद्र्यात वारला. आजही मादागास्करपासून केरळपर्यंत त्याचीच रीत चालते. व्हॅनिलाचा इतिहास सांगताना त्याचे नाव आधी घ्यायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागेत ही वेल लावता येते. अर्धी सावली, ओलसर हवा आणि आधाराला गिरीपुष्प किंवा पोफळीचे खोड हवे. मीटरभर लांबीच्या फाट्याची खालची पेरे पालापाचोळ्याखाली आडवी ठेवावीत, वरचा भाग आधाराला सैल बांधावा. मुळे अगदी वरच्या थरात पसरतात, म्हणून बुंध्याशी कुदळ चालवू नये. पाणी साचले की मूळकूज येते. वेल माणसाच्या उंचीवर गेली की खाली वळवून पुन्हा चढवावी. त्याने ती फुलावर येते आणि फूल हाताला लागते. तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, घोस दिसू लागतात. घोसात वीसेक फुले असली तरी आठ-दहाच धरवावीत, नाहीतर वेल दमते.

शेंग तयार व्हायला नऊ-दहा महिने लागतात, आणि हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतो. गरम पाण्यात बुडवून, घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, मग ऊन, मग सावली, मग बंद पेटीत काही महिने. सहा किलो हिरव्या शेंगांची जेमतेम एक किलो तयार व्हॅनिला होते.

2000 मध्ये मादागास्करमध्ये चक्रीवादळाने पीक गेले आणि पुढे भाव आकाशाला भिडले. केरळ-कर्नाटकात घाईने लागवडी झाल्या, भाव कोसळला आणि अनेकांनी वेली सोडून दिल्या. म्हणून बाजारभाव ऐकून एकरभर लावू नका. घरातले हात रोज सकाळी किती फुलांपर्यंत पोचतील ते मोजा. पहिल्या वर्षी दहा वेली पुरेत.