१११ रंग, ८० प्रती आणि एक चेहरा

छापलेल्या चित्राला 'मूळ कलाकृती' म्हणायचे, हे अनेकांच्या पचनी पडत नाही. छापायचेच तर ऐंशीच प्रती का, आठ हजार का नाहीत, असाही प्रश्न साहजिकच पडतो. अमेरिकन चित्रकार चक क्लोज (१९४०-२०२१) यांचे सन २००० मधील 'सेल्फ-पोर्ट्रेट' हे मुद्राचित्र पाहिले, की या शंकेचे बरेचसे निरसन होते.

सुमारे साडेपाच फूट उंचीचे हे चित्र जवळून पाहिल्यास चौकटींत भरलेली रंगीत वर्तुळे आणि लंबगोल यांखेरीज काहीच दिसत नाही. दहा पावले मागे सरकले, की त्यातून खुद्द क्लोज यांचा चेहरा आकाराला येतो. चेहऱ्याच्या छायाचित्रावर चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायची, ही त्यांची रीत. १९८८ मध्ये मणक्यातील रक्तवाहिनीच्या विकाराने त्यांचे शरीर लुळे पडले, तरी हाताला कुंचला बांधून त्यांनी काम चालू ठेवले. विशेष म्हणजे माणसांचे चेहरे लक्षात न राहण्याचा विकार त्यांना होता. आणि आयुष्यभर त्यांनी रंगविले ते चेहरेच!

या चित्राचे तंत्र आपल्या परिचयाचे आहे. लग्नपत्रिकांसाठी वापरतात तेच स्क्रीन प्रिंटिंग. ताणलेल्या जाळीवरचा नको असलेला भाग बुजवायचा आणि उरलेल्या भागातून रबरी पट्टीने शाई कागदावर उतरवायची. एका वेळी एकच रंग. पत्रिकेला दोन-तीन रंग पुरतात. येथे ते १११ आहेत. केवळ ८० प्रतींचा हिशेब धरला, तरी ८,८८० वेळा शाई ओढावी लागली. शंभरावा रंग केसभर सरकला, तर आधीचे नव्याण्णव वाया. अर्थात, हे काम चित्रकाराने एकट्याने केलेले नसते. त्यामागे कुशल मुद्रकांचे हात असतात. मात्र प्रत तपासणे, नापसंत प्रत बाद करणे आणि उरलेल्यांवर पेन्सिलीने सही करणे हा अधिकार त्याचाच. ठरलेल्या प्रती पूर्ण झाल्या, की जाळ्या पुसून टाकण्याचा शिरस्ता आहे.

सहीजवळ '१२/८०' असा आकडा असतो. म्हणजे ऐंशीपैकी बारावी प्रत. पहिली प्रत सर्वांत चांगली, हा मात्र निव्वळ गैरसमज.

खरी गल्लत होते ती अन्यत्र. एखाद्या रंगचित्राचे छायाचित्र घेऊन इंकजेट यंत्रावर काढलेल्या प्रतीही सही करून 'लिमिटेड एडिशन' म्हणून विकल्या जातात. त्या घ्याव्यात किंवा घेऊ नयेत, हा आवडीचा प्रश्न. पण त्यांची किंमत मुद्राचित्राच्या तराजूत तोलणे योग्य नव्हे. म्हणूनच खरेदीपूर्वी छपाईचे तंत्र लेखी मागावे. शिवाय 'ए.पी.' अशी खूण असलेल्या, कलाकाराने स्वतःसाठी राखलेल्या प्रती किती आहेत, हेही विचारावे. ऐंशीच्या आकड्यात त्या धरलेल्या नसतात.