दैवी कोप कोणावर?

इ. स. १६१८ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांच्या वसईवर भयंकर तुफान कोसळले. त्याने ख्रिस्तमंदिरांचीही गय केली नाही. अशा प्रसंगी ‘हा देवाचा कोप’ असे म्हणून मोकळे होण्याची खोड सर्वच धर्मांच्या लोकांस आहे. पण ख्रिस्ती शास्त्र तिला दुजोरा देते काय? यरुशलेमातील शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती हा तर्क खुद्द येशूनेच खोडून काढला. उलट ऐकणाऱ्यांसच पश्चात्ताप करण्यास बजावले.

मग देव रागावतो तरी कशावर? ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील आमोस संदेष्ट्याचे उत्तर व्यापाऱ्यांनी अवश्य ऐकावे: माप लहान करणाऱ्यावर, खोटा तराजू धरणाऱ्यावर, गव्हाचे भूस विकणाऱ्यावर आणि वहाणांच्या मोलाने गरिबास विकत घेणाऱ्यावर. असा कोप उत्सवांनी व होमबलींनी शमत नाही. न्याय केला तरच शमतो. दुबळ्याची फिर्याद ऐकूनही ज्यास संताप येत नाही, त्या न्यायाधीशास दयाळू कोण म्हणेल?

तेव्हा वसईच्या बाजारातील दुकानदार ख्रिस्ती असो वा हिंदु, वादळाचे ढग पाहून थरथरण्यापूर्वी त्याने आपला तराजू एकवार तपासून पाहावा, हे बरे.