उतरणीची तयारी गादीवरच

सम्मेदशिखरजीचा पहाड चढताना यात्रेकरू बोलतात, स्तवने म्हणतात, मागे राहिलेल्यांना हाका मारतात. उतरताना मात्र सारा संघ हळूहळू मौनात जातो. पहिल्या यात्रेत मला हे मौन भक्तिभावाचे वाटले होते. पुढे स्वतःच्या गुडघ्यांनी त्याचा खरा अर्थ समजावून सांगितला.

मधुबनातून आम्ही पहाटे दोनच्या सुमारास निघालो. सुमारे नऊ किलोमीटरची चढण, टोंकांच्या वंदनेची तितकीच वाट आणि परतीची नऊ किलोमीटर उतरण, असा हा सत्तावीस किलोमीटरांचा क्रम आहे. वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. एका टोंकेकडून दुसरीकडे जाताना थकवा जाणवतच नाही. पार्श्वनाथ टोंकेचे दर्शन झाले तेव्हा मी स्वतःवर प्रसन्न होतो. वय अठ्ठावन्न, उपवास निर्जल, आणि एवढे चढून आलो! उतरणीची पहिली तीन किलोमीटर सरली आणि मांड्या थरथरू लागल्या. पुढच्या किलोमीटरभरात प्रत्येक पावलागणिक गुडघा आपोआप दुमडत होता. गंधर्व नाल्याच्या अलीकडे मी एका दगडावर बसलो आणि मला उठता येईना.

डोलीवाले आले. डोलीचे भाडे यात्रेकरूच्या वजनावर ठरते. त्यांच्यातील वडीलधाऱ्याने मला एकवार खालून वर न्याहाळले आणि म्हणाला, चौऱ्याऐंशी. घरी परतल्यावर वखारीतल्या काट्यावर उभा राहिलो, तर काटा त्र्याऐंशीवर थांबला. तीस वर्षे सोयाबीन आणि तुरीच्या पोत्यांचे वजन नजरेने सांगणारा मी. माझेच वजन कोणी असे अचूक सांगेल, हे मनात आले नव्हते. ज्यांच्या खांद्यांवर मी बसलो होतो त्यांतील एकाचेही वजन साठ किलोंच्या वर नसावे. त्या डोलीत मला जी शरम वाटली ती पैशाची नव्हती.

यात्रेला उशिरा निघण्याची आम्हा व्यापारी घराण्यांची जुनी रीत आहे. आधी दुकान, मग मुलांची शिक्षणे, मग लग्ने. मुलाने गादी सांभाळली की शिखरजी. आमच्या आईला आम्ही बाई म्हणत असू. तिने याच हिशेबाने वाट पाहिली. तिला सवड मिळाली तेव्हा वय एकाहत्तर होते. तोवर आपल्या जिल्ह्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जातानाही तिला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागत होता. शिखरजी राहून गेले. तिने तक्रार कधीच केली नाही, आणि म्हणूनच ते आजही आमच्या मनातून जात नाही.

परतल्यावर मी या विषयाची माहिती घेऊ लागलो. चढताना मांडीच्या पुढचा स्नायू आखडतो आणि शरीराला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो, आणि ताणला जात असतानाच त्याला सारा भार रोखून धरावा लागतो. मालाने भरलेला ट्रक घाट चढतो तो इंजिनाच्या बळावर, पण उतरतो ब्रेकच्या भरवशावर. चढणीत दम लागतो, म्हणून तीच कठीण वाटते. उतरणीत दम लागत नाही, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय उचलवत नाहीत ते त्यामुळे. या दुखण्याचा एक चांगला गुणही आहे. एकदा उतरणीचा भार सोसलेला स्नायू पुढच्या खेपेस त्याच भाराने फारच कमी दुखतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणजे यात्रेच्या पंधरवडाभर आधी बेताची उतरण करून ठेवली, तर त्याचा लाभ पहाडावर मिळतो.

उतरणीचे हेच शास्त्र परदेशांत स्कीच्या खेळासाठी अभ्यासले जाते. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून वेगाने घसरत येण्याचा हा खेळ आपण गुलमर्ग किंवा औलीच्या सहलीत पाहिलेला असतो. त्यात जवळजवळ सारे श्रम ब्रेकचेच. जपानच्या मिऊरा घराण्यात या खेळाची मोठी परंपरा आहे. युइचिरो मिऊरा १९७० मध्ये एव्हरेस्टच्या दक्षिण खिंडीखालील उतारावरून स्कीवर घसरत आले आणि जगप्रसिद्ध झाले. पुढे साठीत त्यांचे वजन वाढले, शरीर सुटले. त्यांचे वडील केइझो मात्र नव्वदी उलटूनही बर्फावरच होते आणि नव्याण्णवाव्या वर्षी युरोपातील माँ ब्लाँ पर्वताच्या हिमनदीवरून स्की करीत उतरले. वडिलांचा हा ध्यास पाहून मुलाला ओशाळे वाटले म्हणतात. पासष्टीच्या सुमारास त्यांनी पायांना वजने बांधून, पाठीवर ओझे घेऊन चालण्याचा सराव नव्याने आरंभला आणि २००३, २००८ व २०१३ अशा तीन वेळा एव्हरेस्ट गाठले. सत्तराव्या, पंचाहत्तराव्या आणि ऐंशीव्या वर्षी. त्यांच्या ताटात काय होते हा आपला विषय नाही. मला भावले ते वेगळेच. शेवटच्या खेपेस शिखरावरून परतताना ते पुरते थकले आणि दुसऱ्या छावणीपासून खाली हेलिकॉप्टरने आले. ऐंशीव्या वर्षी एव्हरेस्ट चढणाऱ्यालाही उतरणीने शरण आणले.

वयाबरोबर स्नायू का गळतात, याचे कारण कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाकडे ऐकायला मिळेल. चाळिशीनंतर स्नायूंचे प्रमाण हळूहळू घटते आणि ताकद त्याहून वेगाने घटते. वापर नसेल तर ही घट अधिक होते. गादीवर सकाळी नऊ ते रात्री आठ बसणारा माणूस दिवसभरात पायांचा वापर कितीसा करतो? घरून दुकानात स्कूटरवर, दुकानातून बाजार समितीत मोटारीने. हमाल पोते उचलतो, मुनीम वही आणतो, चहा जागेवर येतो. आपल्या पिढीजात सुखसोयींची किंमत आपले गुडघे देत आहेत. मंदिरांतही आता खुर्च्यांच्या रांगा वाढल्या आहेत. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी खुर्ची घ्यावीच. पण पन्नाशीतला धडधाकट माणूस सवयीने खुर्ची ओढतो तेव्हा मला ते खटकते. पंचांग नमस्कार, खमासमणे, कायोत्सर्गातील निश्चल उभे राहणे, सामायिकातील अठ्ठेचाळीस मिनिटांची जमिनीवरची बैठक या क्रिया आत्मकल्याणासाठी आहेत, व्यायामासाठी नव्हेत. तरीही जमिनीवर बसणे आणि हाताचा आधार न घेता उठणे यांची सवय त्यांनी आपल्या आजी-आजोबांना आयुष्यभर लावली होती, हे नाकारता येणार नाही.

ब्राझीलमधील क्लाउदिओ आराउजो यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट मोजली. ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना त्यांनी जमिनीवर बसून उठायला सांगितले आणि पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. ज्यांना कमीत कमी आधाराने उठता आले त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. याच गटाने २०२२ साली दुसरी पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात ५१ ते ७५ वयाच्या दर पाच जणांपैकी एकाला एका पायावर दहा सेकंद उभे राहता आले नाही. अशा परीक्षेत नापास होणारा लवकर जातो, असा उतावीळ अर्थ कोणी काढू नये. त्यामागे मधुमेहासारखी इतर कारणेही असतात. पण भिंतीजवळ उभे राहून घरच्या घरी ही परीक्षा घ्यावी. मी घेतली तेव्हा सहाव्या सेकंदाला पाय टेकला होता.

उशीर झाला म्हणून हताश होण्याचेही कारण नाही. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धनिवासात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला गेला. तो पूर्ण करणाऱ्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तैवानमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर आपल्याच कामाचा आहे. तीस स्थूल ज्येष्ठ महिलांचे दोन गट केले. एक गट जिने चढायचा आणि लिफ्टने खाली यायचा. दुसरा लिफ्टने वर जायचा आणि जिने उतरायचा. बारा आठवड्यांनी उतरणाऱ्या गटाची ताकद, हाडांची घनता आणि साखरेवरील नियंत्रण चढणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारलेले दिसले. आळशी वाटणारा गट पुढे निघाला!

आमच्या घराला वीस पायऱ्या आहेत. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक आहेत. म्हणजे आमचा जिना पावणेदोनशे वेळा. हा हिशेब मांडला तेव्हा सौभाग्यवती हसल्या, पण जिना त्यांनीच आधी धरला. पहिल्या आठवड्यात रोज पाच फेऱ्या, कठड्याला हात लावून, उतरताना प्रत्येक पायरीवर मनात तीन अंक मोजत. घाईने उतरलात तर भार स्नायूंवर न येता सांध्यावर आदळतो. दर आठवड्याला दोन-तीन फेऱ्या वाढवल्या. दुकानात गादीऐवजी एक साधी लाकडी खुर्ची आणली आणि दर दोन तासांनी हात छातीशी बांधून दहा वेळा सावकाश उठणे-बसणे सुरू केले. ग्राहकांना नवल वाटले, मग त्यांना सवय झाली. टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम काउंटरला धरून होतो. आठवड्यातून तीन दिवस पुरेत; स्नायू विश्रांतीतच बळकट होतो. चालणे मात्र रोज. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शनही असेच आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव.

वजनाविषयी एकच आकडा सांगतो. गुडघेदुखीच्या रुग्णांवरील एका प्रसिद्ध अभ्यासात शरीराचे एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे आढळले. मी अकरा किलो उतरवले. त्यासाठी फरसाण सुटले, आणि ते सोपे नव्हते.

आहारात आपल्यापुढे थोडी अडचण आहे, तशी सोयही आहे. प्रौढ भारतीयाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ज्येष्ठांना एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत द्यावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. साठ किलोंच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. मोठ्या वाटीभर घट्ट वरणात सात-आठ ग्रॅम, पेलाभर दुधात तितकीच. सूर्यास्तापूर्वी दोन वेळा जेवणाऱ्याने पोळी-भाजीवर भागवले तर हा आकडा गाठला जात नाही. आणि गंमत पाहा, वाशीम जिल्ह्याच्या बाजार समित्यांतून हंगामात सोयाबीनचे ट्रकच्या ट्रक बाहेर जातात. त्या सोयाबीनमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्रथिने असतात, आणि आपल्या ताटात त्याचे केवळ तेल येते. आमच्याकडे आता कणकेत सोयाबीनचे पीठ मिसळतात. मूग, हरभरा, शेंगदाणे, पनीर यांनी उरलेले भरून निघते. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दही वेगळ्या वेळी घ्यावे. बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी शाकाहारी ज्येष्ठांनी करून घ्यावीच. बी-१२ ची उणीव पायांना बधिर करते, तोल घालवते, आणि आपण तिला म्हातारपण समजतो.

काळाचे गणित आपल्या परंपरेतच आहे. चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. हे चार महिने पायांच्या तयारीचे मानावेत. पर्युषण व दशलक्षण पर्वात उपवास असतील त्या दिवशी व्यायाम ठेवू नये. पारण्यानंतर दोन दिवसांनी हलक्या सरावाने सुरुवात करावी. अडचण आहे ती पुढे. दसऱ्यापासून सोयाबीनची आवक सुरू होते, दुकान सोडता येत नाही, आणि नेमका तेव्हाच सराव तुटतो. आम्ही त्या सहा आठवड्यांत फक्त जिना आणि खुर्ची एवढेच राखले.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी निर्जल उपवास करून पहाड चढण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. काही गोळ्या रिकाम्या पोटी साखर किंवा रक्तदाब धोक्याइतका उतरवतात. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी चालणे टाळावे. छातीत दडपण वा चक्कर आली तर तेथेच थांबावे. टोंक कुठेही जात नाही. एक गुडघा दुखरा असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

तीन वर्षांनी आम्ही पुन्हा मधुबनात गेलो. या वेळी मोठे बंधूही होते, वय बहात्तर, नऊ महिने जिन्याचा सराव केलेले. मी पूर्ण उतरलो. मांड्या दुखल्या, पण थरथरल्या नाहीत. भाऊ सगळ्या टोंकांची वंदना करून पार्श्वनाथांपर्यंत स्वतःच्या पायांनी आले आणि उतरणीच्या निम्म्या वाटेवर शांतपणे म्हणाले, "आता डोली बोलाव." डोलीवाल्याने त्यांना नजरेने तोलले आणि पासष्ट सांगितले. भाऊ तत्काळ सावरून बसले. "त्रेसष्ट," ते म्हणाले, "मी काटा करून आलो आहे." मग भाड्याची घासाघीस सुरू झाली, आणि मी पुढे चालू लागलो.