बिजाचा पेला आणि सकाळची गोळी

देवरी तालुक्यातल्या आमच्या घरी देवळीत बिजाच्या लाकडाचा पेला असे. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचे, सकाळपर्यंत ते तांबूस होई. ते प्यायल्याने ‘साखर उतरते’, अशी गावातली समजूत. आई ते पाणी प्यायची आणि डॉक्टरांनी दिलेल्या दोन गोळ्याही घ्यायची, एक मधुमेहाची, एक थायरॉइडची. एकदा तपासणीत दोन्ही आकडे जागेवर आले. तिने विचारले, “रिपोर्ट नॉर्मल आला ना बाबू, मंग गोळ्या कायले?” मला उत्तर देता आले नाही. तिने गोळ्या सोडल्या. धानाची रोवणी संपेपर्यंत तिचा चेहरा सुजला, आवाज जड झाला, साखरही चढली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर ती सावरली. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. पुढचे वाचन तिच्या या प्रश्नामुळे झाले.

जंतूंमुळे झालेल्या आजारात औषध जंतू मारते आणि त्याचे काम संपते. मधुमेह आणि थायरॉइडमध्ये मारायला कुणी नसते. शरीरातले एखादे काम कमी किंवा जास्त झालेले असते. औषध ते रोज भरून काढते, नाहीतर आवरते.

थायरॉइडचे उदाहरण सोपे आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे 1891 साली जॉर्ज मरे या डॉक्टरांनी थायरॉइड मंदावलेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. त्या सुधारल्या आणि आणखी 28 वर्षे जगल्या. तेवढ्या काळात त्यांना 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क लागला. त्यांची स्वतःची ग्रंथी बरी झाली नव्हती. तिचे काम मेंढ्या करत होत्या.

आजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी तेच काम करते. ग्रंथीत तयार होणारे संप्रेरकच ती बाहेरून पुरवते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉइडला कामाचा हुकूम देते. थायरॉइड मंदावली की हुकूम वाढतो, म्हणून रिपोर्टात टीएसएच चढलेले दिसते. हे औषध रक्तात निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही, आणि माणूस फसतो. आई तशीच फसली. ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने.

थायरॉइड अतिकाम करत असेल तर कार्बिमाझोल देतात. ते ग्रंथीला आयोडीन वापरून संप्रेरक बनवू देत नाही. हे औषध घेताना ताप येऊन घसा दुखला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. क्वचित पांढऱ्या पेशी घटतात.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात स्वादुपिंडात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले, तोवर अशी मुले उपासमारीच्या आहारावर थोडे दिवस काढत. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि हळूहळू ते कमीही पडू लागते. बारीक अंगाच्या माणसालाही हा आजार का होतो, याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी घेतला. त्यांना दिसले, की पुण्याकडची बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असली, तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा तुलनेने जास्त असतो.

या दुसऱ्या प्रकारात गोळ्यांची कामे वेगवेगळी. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. तिचे मूळ युरोपातल्या गॅलेगा या वनस्पतीत सापडते. फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी 1957 मध्ये तिचे माणसांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. ही गोळी घेऊन उपाशीपोटी रोवणीला गेलेल्या बाईला घाम सुटतो, हातपाय थरथरतात. तेव्हा शुद्ध असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्यावा. डापाग्लिफ्लोझिन जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते.

आता बिजाविषयी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने विजयसाराची, म्हणजे याच बिजाची, नव्याने मधुमेह झालेल्यांवर चाचणी केली. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 97 पैकी 67 जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. म्हणजे गावाची समजूत अगदीच निराधार नव्हती. पण त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि तिथे मोजून दिलेले औषध होते. पेल्यातल्या पाण्यात रोज किती अंश उतरतो, हे कोण मोजणार? आणि पहिल्या प्रकारच्या मुलाचे इन्सुलिन थांबवून हे पाणी दिले, तर काही दिवसांतच जीव जाऊ शकतो.

आईला मी शेवटी एवढेच सांगितले, की रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळ्यांमुळे. वजन उतरले, आहार बदलला, तर मधुमेहाच्या गोळ्या कधी कमीही होतात. कार्बिमाझोलही काहींचे दीड-एक वर्षाने थांबते. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. तिने ऐकून घेतले. पेला अजून देवळीत आहे. त्याच्या शेजारी गोळ्यांचा डबा असतो, आणि सकाळची गोळी ती चहाच्या आधी घेते.