पेशंटला सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार? कॅन्सरच्या धावपळीत रोजची २२ मिनिटं स्वतःसाठी

भोपाळ : बैतूल, मुलताई, पांढुर्णा, बऱ्हाणपूरकडची मराठी माणसं कॅन्सरच्या उपचारासाठी कुणी नागपूर गाठतं, कुणी भोपाळ. इथं ईदगाह हिल्सवर जवाहरलाल नेहरू कॅन्सर हॉस्पिटल आहे, साकेत नगरला एम्स आहे. पेशंटची फाईल बनते, वजन-बीपी तपासलं जातं. पण बाकावर रात्र काढणारी बायको, मुलगा किंवा सून यांचं बीपी कोण बघतं? १९८४ च्या गॅस दुर्घटनेनंतर भोपाळमध्ये कॅन्सर रुग्णांची नोंदणी सुरू झाली. सांभाळणाऱ्यांची मात्र कुठंच नोंद होत नाही.

त्रास खरा आहे

१९९९ मध्ये अमेरिकेत आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या ज्येष्ठांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांतल्या मृत्यूचा धोका ६३ टक्के जास्त दिसला. ही सगळी कॅन्सरचीच घरं नव्हती. पण अपुरी झोप, वेळी-अवेळी जेवण आणि सततची काळजी तीच.

२००२ मधल्या दुसऱ्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १०० महिला होत्या. त्यातल्या वर्षभर नियमित व्यायाम करणाऱ्या महिलांची झोप सुधारली, ताणाच्या वेळी बीपी कमी वाढलं. व्यायाम होता मुख्यतः भरभर चालण्याचा.

किती आणि कसा?

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोज साधारण २२ मिनिटं. सलग जमलं नाही तरी चालेल. तुकड्या-तुकड्यानं केलेलंही मोजलं जातं.

- केमोची सलाईन चालू असताना कुणाला तरी जवळ बसवून दहा मिनिटं आवारात भरभर चाला.
- खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. पेशंटला उठवायला हीच ताकद लागते.
- पेशंटला उचलताना कमरेतून वाकू नका. गुडघे वाकवा, पेशंटला अंगाशी धरा, वळताना कंबर न पिळता पाय वळवा.
- बाहेरून आल्यावर साबणानं हात धुऊनच पेशंटजवळ जा. केमोत त्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते.

बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा आणि दाखवा.

मनाला लागणारी टोचणी

'ते तिकडं झोपलेत अन् मी फिरायला जाऊ?' हा प्रश्न बहुतेकांना छळतो. पण उपचार महिनोन् महिने चालतात. सांभाळणारा आडवा पडला तर पेशंटची औषधं, जेवण, तपासणीच्या तारखा, सगळंच कोलमडतं.

अर्थात चालण्यानं सगळं सुटत नाही. पैशाची चिंता आणि जागरण तसंच राहतं. झोप उडाली, सारखं रडू येऊ लागलं, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोलता येतं.

आणि भेटायला येणाऱ्या सोयऱ्यांनी फळांच्या पिशवीसोबत एक तास घेऊन यावं. 'वहिनी, मी बसतो इथं, तुम्ही जरा पाय मोकळे करून या,' एवढं म्हटलं तरी खूप झालं.