ना आझाद हिंदचे, ना इंग्रजांचे

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी तिथल्या फेरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी जवानांना गोळा करण्यात आलं. इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना जपान्यांच्या हवाली केलं, जपानी मेजर फुजिवारांनी त्यांना दोस्त म्हटलं आणि कॅप्टन मोहनसिंगांनी नव्या फौजेची हाक दिली. पुढची गोष्ट आपल्याला पाठ आहे: आझाद हिंद सेना, नेताजी, इम्फाळ, लाल किल्ला. त्याच मैदानावरून फुटलेली दुसरी वाट मात्र शाळेच्या पुस्तकात कधी आली नाही.

अनेकांनी आझाद हिंदमध्ये नाव नोंदवलं नाही. कुणाला घेतलेली शपथ मोडवेना, कुणाला घरच्या पेन्शनची काळजी, कुणाचा जपान्यांवर भरवसा नव्हता. डिसेंबर १९४२ मध्ये खुद्द मोहनसिंगांनाच जपान्यांनी अटक केल्यावर आणखी बरेच जण बाहेर पडले. जे बाहेर राहिले, त्यांच्यापैकी हजारोंना मालवाहू जहाजांच्या पोटात कोंबून पूर्वेकडच्या पॅसिफिक बेटांवर पाठवलं गेलं. न्यू गिनी, न्यू ब्रिटन, पलाऊ. तिथे जपानला सैनिक नव्हे, हमाल हवे होते.

जॉन बाप्टिस्ट क्रास्ता हे त्यांतलेच एक. मंगळूरजवळच्या किन्निगोळीचे, कोकणी बोलणारे ख्रिस्ती, लष्करात कारकून. (त्यांच्या समाजाच्या आठवणीत कैद आधीपासूनच होती; १७८४ मध्ये टिपूने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला नेलं होतं.) क्रास्तांना न्यू ब्रिटन बेटावर, रबौलला नेण्यात आलं. सुटून आल्यावर, १९४६ मध्ये, त्यांनी सगळं लिहून काढलं. पुस्तकाचं शीर्षक भडक आहे, जपान्यांनी आम्हाला खाल्लं अशा अर्थाचं. पण लिहिणारा माणूस कारकून आहे, आणि मला तेच मोलाचं वाटतं. शौर्यकथा सांगण्याची त्यांना घाई नाही.

रबौल हा दक्षिण पॅसिफिकमधला जपानचा मोठा तळ. सुमारे एक लाख जपानी सैनिक, बंदर आणि डोक्यावर धुमसता ज्वालामुखी. कैद्यांनी जहाजं रिकामी करायची, रस्ते बांधायचे, डोंगरात बोगदे खोदायचे. पहारेकऱ्यासमोर वाकायचं, वाकायला उशीर झाला की थोबाडीत. मारणारा कित्येकदा अगदी खालच्या हुद्द्याचा असे, कारण जपानी सैन्यात वरच्याने खालच्याला मारायचं आणि कैदी सगळ्यांच्याच खाली. मलेरिया आणि बेरीबेरी होतेच. पायावरचे व्रण चिघळत हाडापर्यंत जात. १९४३ च्या उत्तरार्धात दोस्तांच्या विमानांचा बॉम्बवर्षाव खूप वाढला. ज्यांच्या बाजूचे म्हणून हे कैदेत पडले, त्यांच्याच बॉम्बखाली काही मेले. मग दोस्तांनी रबौलवर चढाई न करता त्याची रसद तोडली. तांदूळ आटला. जपानी फौज रताळी आणि टॅपिओका पिकवून जगू लागली आणि ते मळे खणायलाही कैदीच.

हे सगळं कुठल्या कायद्यात बसत होतं? युद्धकैद्यांबाबतच्या १९२९ च्या जीनिव्हा करारावर जपानने सही केली होती, पण त्याला मान्यता दिली नव्हती. युद्ध संपल्यावर खटले उभे राहिले तेव्हा बचाव पक्षाने याहूनही धूर्त मुद्दा काढला: हे हिंदी लोक कैदी नव्हतेच, आपखुशीने आमच्या बाजूला आलेले मजूर होते. म्हणजे ज्या माणसाने आझाद हिंदला नकार देऊन मार खाल्ला, त्याच्याच कपाळी तिचा शिक्का. सिंगापूरमधला इंग्रजांचा पहिला युद्धगुन्हे खटला, जानेवारी १९४६ मधला, पलाऊला नेलेल्या हिंदी कैद्यांच्या छळाचाच होता. त्याच वर्षी जुलैत रबौलला ऑस्ट्रेलियन लष्करी न्यायालयासमोर आणखी एक प्रकरण आलं. शीख कैद्यांना मारहाण करून त्यांचे केस आणि दाढ्या कापल्या गेल्या होत्या आणि त्यांना सिगारेट ओढायला लावली होती. ज्याला धर्माने तंबाखू वर्ज्य, त्याच्या तोंडात मुद्दाम सिगारेट. उपासमारीचे आकडे एकवेळ नजरेखालून निघून जातात, पण इथे छळणाऱ्याने समोरच्या माणसाचा आधी नीट अभ्यास केलेला दिसतो.

न्यू गिनीत त्याहून भीषण घडलं. तिथल्या कैद्यांच्या जबाबांत जपानी सैनिकांनी माणसांना मारून त्यांचं मांस खाल्ल्याच्या नोंदी आहेत. वेवाकच्या परिसरात नेलेल्या सुमारे ३ हजार हिंदी कैद्यांतून शेवटी चिंत सिंग आणि त्यांचे १० सोबती ऑस्ट्रेलियन फौजेला जिवंत सापडले. ते १० जण नोव्हेंबर १९४५ मध्ये परतीच्या वाटेवर विमान अपघातात गेले. चिंत सिंग साक्षीसाठी मागे राहिले होते म्हणून वाचले. गुन्हेगारांची ओळख त्यांनीच पटवली.

आणि हे लोक परतले कधी? नेमके आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवरचे लाल किल्ल्यातले खटले गाजत होते तेव्हा. सरकार परतलेल्या प्रत्येक कैद्याची चौकशी करून त्याला पांढरा, करडा की काळा ठरवत होतं. ‘पांढरा’ म्हणजे इंग्रजांशी इमान राखलेला, ‘काळा’ म्हणजे आझाद हिंदचा पक्का. रस्त्यावर मात्र जयजयकार चालला होता तो ‘काळ्यां’चा. तो जयजयकार चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण त्या गर्दीत ‘मी फौजेत गेलो नाही, रबौलला बोगदे खोदले’ असं सांगणाऱ्याचं कोण ऐकणार होतं? इंग्रजांना निघायचं होतं आणि नव्या देशाला त्यांचे निष्ठावंत नको होते. क्रास्तांचं हस्तलिखित पन्नासेक वर्षं घरातच पडून राहिलं. त्यांच्या लेखक मुलाने, रिचर्ड क्रास्तांनी, ते १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा वडील ८७ वर्षांचे होते.