ऑन-रोडचा आकडा आधी फोडा, मग घासाघीस करा : नवी गाडी घेताना पैसे नेमके कुठे जातात?

बेळगाव : उसाचं बिल जमा झालं, निवृत्तीची रक्कम हाती आली किंवा मुलाला बंगळूर-पुण्यात नोकरी लागली, की घरात गाडीचा विषय निघतो. आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून मॉडेल ठरतं, रंगही ठरतो. मग रविवारी सगळं घर शोरूममध्ये जातं. चहा येतो, टेस्ट ड्राईव्ह होते आणि शेवटी सेल्समन कागदावर एकच आकडा लिहून त्याभोवती गोल काढतो. "सर, ऑन-रोड दहा लाख. वीस हजार डिस्काउंट धरून. फुल अँड फायनल."

गिऱ्हाईक म्हणतं, "अजून पाच कमी करा." सेल्समन आत जाऊन साहेबांना विचारून येतो, तीन हजार कमी करतो, वर मॅट फुकट देतो. हात मिळवले जातात. घरी येताना सगळ्यांना वाटतं, भाव चांगला पाडला. प्रत्यक्षात त्या गोलाच्या आतलं काहीच कुणी बघितलेलं नसतं.

ऑन-रोड हा काही एक भाव नाही. ते सात-आठ रकमांचं गाठोडं आहे. त्यातल्या काही सरकारच्या, काही विमा कंपनीच्या, तर काही शोरूमने स्वतःच्या मनाने घातलेल्या असतात. सरकारच्या रकमेवर कितीही वाद घातला तरी एक रुपया कमी होत नाही आणि शोरूमने घातलेल्या रकमेवर वादच न घातल्याने ती तशीच राहते. म्हणून पहिलं काम एकच. प्रत्येक रक्कम वेगळी दाखवणारं कोटेशन कागदावर किंवा व्हॉट्सअॅपवर मागायचं. "कॉम्प्युटर बंद आहे, उद्या देतो" असं उत्तर मिळालं तर उद्या यायचं.

समजा, खानापूरचे एक शिक्षक १,२०० सीसीच्या आतली, ८ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी कर्जावर घेत आहेत. त्यांच्या हाती पडणारं कोटेशन साधारण असं असतं : एक्स-शोरूम ८,००,०००, आरटीओ १,३४,०००, विमा ४६,०००, हँडलिंग ७,५००, ॲक्सेसरीज १८,०००, वाढीव वॉरंटी १४,०००, फास्टॅग ६००. बेरीज १०,२०,१००. त्यातून वीस हजार सूट, म्हणजे दहा लाख. आता हे एकेक करून बघू.

एक्स-शोरूम किमतीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवर (पेट्रोल १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत) जीएसटी १८ टक्के झाला, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, तर इलेक्ट्रिकवर ५ टक्के. ही किंमत कंपनी ठरवते. शोरूम त्यातून आपल्या मार्जिनमधली थोडी रक्कम सोडू शकतं, तीच 'कॅश डिस्काउंट'. बाकी एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट डिस्काउंट, जुन्या ग्राहकाची सूट या बहुधा कंपनीच्या योजना असतात. त्या मागितल्याशिवाय पुष्कळदा सांगितल्या जात नाहीत. शिक्षक, बँक कर्मचारी, डॉक्टर यांच्यासाठी काही आहे का, हे विचारायला लाजायचं कारण नाही.

आरटीओच्या रकान्यात काय असतं?

इथे गिऱ्हाईक सहसा गप्प बसतं, कारण 'सरकारचं आहे' म्हटलं की विषय संपतो. पण सरकारचं नेमकं किती, हे घरबसल्या काढता येतं. कर्नाटकात खासगी कारचा आजीवन कर किमतीप्रमाणे ठरतो : ५ लाखांपर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाख १४ टक्के, १० ते २० लाख १७ टक्के आणि त्यावर १८ टक्के. शिवाय या करावर ११ टक्के उपकर. शिक्षकांच्या गाडीचा कर १,१२,००० आणि उपकर १२,३२० मिळून १,२४,३२० होतो. नोंदणी शुल्क ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्जाचा बोजा चढवायला १,५००. इतर किरकोळ धरलं तरी सगळं १ लाख २८ हजारांच्या आसपास थांबतं. कोटेशनमध्ये मात्र १,३४,००० आहेत. वरचे सहा हजार कुणाचे, हा प्रश्न शांतपणे विचारायचा. उत्तर 'एजंट', 'फाईल', 'सर्व्हिस' असं काहीतरी येतं. गाडीची नोंदणी करून देणं हे आता डीलरचंच काम आहे. कर भरल्याची ऑनलाइन पावती मिळते, ती आपल्याला द्यावी आणि पावतीपेक्षा जास्त घेतलेले पैसे परत करावेत, असं कोटेशनवरच लिहून घेतलं की हा रकाना आपोआप आटोक्यात येतो.

कर्नाटकातल्या या पायऱ्यांचा आणखी एक फटका आहे. ९ लाख ९० हजारांच्या गाडीला उपकरासह १,५३,८४६ रुपये कर बसतो आणि १० लाख १० हजारांच्या गाडीला १,९०,५८७. किंमत वीस हजारांनी वाढली, कर जवळजवळ सदतीस हजारांनी. वर दहा लाखांपुढच्या गाडीवर एक टक्का टीसीएस लागतो, तो वेगळा. टीसीएस मात्र बुडत नाही, आयकर विवरणपत्र भरताना तो आपल्या खात्यावर दिसतो आणि वजा करून किंवा परत मिळतो. शोरूमकडून त्याचं प्रमाणपत्र घ्यायला विसरू नये. 'थोडे पैसे घालून वरचं व्हेरिएंट घ्या' असं सेल्समन म्हणाला, की आधी ही पायरी ओलांडतोय का ते बघावं. सनरूफ नेमका केवढ्याला पडतो ते मग कळतं.

मामाच्या पत्त्यावर पासिंग

सीमाभागात या टप्प्यावर कुणीतरी हटकून म्हणतो, "चंदगडला मामा आहे ना? मग एमएच-०९ करून टाक." महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर आहे. आठ लाखांच्या गाडीला ८८ हजार, म्हणजे बेळगावपेक्षा ३६ हजारांनी कमी. बारा लाखांच्या गाडीत हा फरक ८२ हजारांवर जातो. गोव्याचा करही कर्नाटकापेक्षा कमीच. मोह पडण्यासारखी रक्कम आहे, हे खरं.

पण मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी जिथे आपण राहतो किंवा धंदा करतो आणि जिथे ती नेहमी ठेवली जाते, तिथेच नोंदवायची असते. दुसऱ्या राज्याचा नंबर असलेली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. आधी भरलेला कर मामाच्या राज्याकडून परत मिळवणं ही वेगळीच वारी. शिवाय गाडी मामाच्या नावावर असेल तर विमाही त्याच्याच नावावर. अपघातानंतर भरपाई कुणाला आणि जबाबदारी कुणाची, हा पेच नात्यातच उभा राहतो. ज्यांचं खरोखरच दोन्हीकडे घर किंवा दुकान आहे, त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी छत्तीस हजारांसाठी प्रत्येक नाक्यावर पोटात गोळा घेऊन फिरण्यात काही अर्थ नाही.

कोल्हापूर किंवा हुबळीच्या शोरूममधून कोटेशन मात्र जरूर आणावं. तिथे गाडी घेऊन तात्पुरत्या नोंदणीवर आणता येते आणि कायमचं पासिंग आपल्या पत्त्यावर बेळगावात करता येतं. प्रत्यक्ष तिथून घेतली नाही तरी ते कोटेशन इथल्या टेबलावर ठेवलं की बोलण्याचा सूर बदलतो.

विमा, हँडलिंग आणि 'कंपल्सरी' किट

सगळ्यात जास्त पैसा सुटतो तो विम्यात. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर ठरलेला असतो. १ जून २०२२ ला लागू झालेल्या दरपत्रकात १,००० ते १,५०० सीसीसाठी तो १०,६४० रुपये अधिक जीएसटी असा आहे. तो कुठेही गेलात तरी तेवढाच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि झिरो डेप, इंजिन कव्हर वगैरे जोडण्या यांचे दर मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे. तीच जोडणी, तीच आयडीव्ही धरून बाहेर विचारलं तर ४६ हजारांच्या जागी ३७ हजार होणं अशक्य नाही. तुलना करताना आयडीव्ही बघायलाच हवी. नव्या गाडीची ती एक्स-शोरूमच्या साधारण ९५ टक्के असते. ती कमी दाखवून हप्ता स्वस्त केला असेल, तर ती स्वस्ताई चोरी झाल्यावर महागात पडते.

बाहेरून विमा घ्यायचा तर चेसिस आणि इंजिन नंबर लागतो. तो देताना टाळाटाळ होते, 'मग डिलिव्हरी उशिरा होईल', 'मग डिस्काउंट मिळणार नाही' असं ऐकवलं जातं. सूट हवी असेल तर विमाही आमच्याकडूनच, असा सौदा मांडला गेला, तर दोन्ही बेरजा करून बघाव्यात. कधी कधी शोरूमचाच हिशेब फायद्याचा निघतो. पण 'विमा आमच्याकडून घेतल्याशिवाय गाडीच देत नाही' हे चालत नाही. एका वस्तूसोबत दुसरी घेण्याची सक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधक व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे.

हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक, डेपो चार्ज ही एकाच पोराची तीन नावं. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणून, पुसून ग्राहकाला देणं हा विक्रीचाच भाग आहे. ही रक्कम आरटीओ घेत नाही, विमा कंपनी घेत नाही. ती काढायला सांगायची, बस. 'सगळेच घेतात' हे उत्तर नव्हे.

ॲक्सेसरीजचं पाकीट मात्र जरा चतुर. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर, वर अंडरकोटिंग आणि टेफ्लॉन. 'इसेन्शियल किट' असं नाव दिलं की ती घ्यावीच लागेल असं वाटतं. यातल्या बऱ्याच वस्तू बाहेरच्या दुकानात बऱ्यापैकी स्वस्त मिळतात. फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमतही छापील दराने सांगितली जाते, म्हणून 'वीस हजारांच्या ॲक्सेसरीज फ्री' पेक्षा दहा हजार रोख कमी केलेले बरे. वायरिंगला हात लागेल असं काही बाहेरून बसवताना वॉरंटीची अट तेवढी वाचावी. वाढीव वॉरंटी वाईट नाही, पण मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती नंतरही घेता येते का, हे विचारून मगच ठरवावं.

आता शिक्षकांचा हिशेब पुन्हा बघा. हँडलिंग साडेसात हजार, आरटीओतले वरचे सहा, ॲक्सेसरीज अठरा, विम्यातले नऊ. वॉरंटीला हात न लावता साडेचाळीस हजार होतात. सूट मिळाली होती वीस हजारांची.

हे सगळं बोलायला वेळ लागतो आणि शोरूमला नेमकं माहीत असतं, की पाडव्याच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकाकडे वेळ नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातच नोंदवायची नवी गाडी नंबर पडल्याशिवाय ताब्यात देता येत नाही. म्हणजे मुहूर्त गाठायचा तर पैसे आधी भरावे लागतात. त्यामुळे दसरा-पाडव्याची गाडी हवी असेल तर बोलणी दोन-तीन आठवडे आधी उरकावीत. मुहूर्ताचा आग्रह नसेल तर महिनाअखेर, मार्च आणि डिसेंबर हे दिवस चांगले. तेव्हा शोरूमला विक्रीचं टार्गेट गाठायचं असतं. डिसेंबरात घेताना किंवा जानेवारीत जुना स्टॉक घेताना गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लिहून घ्यावं, कारण पुढे विकताना वर्ष मोजलं जातं.

कॅन्टीनमधून गाडी घेणाऱ्या जवानांना आणि माजी सैनिकांना किमतीची चिंता कमी, ती आधीच ठरलेली असते. पण किट आणि हँडलिंग त्यांच्याही कोटेशनमध्ये शिरतं.

पैसे चेकने किंवा ऑनलाइन, शोरूमच्या खात्यावरच भरावेत. सेल्समनच्या खात्यावर नव्हे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्याने बंदी आहे. बुकिंग रद्द केल्यास किती परत मिळणार, हे पावतीवर हवं. कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि कळत नसेल, तर घरी नेऊन कुणाला तरी दाखवावा. सही दुसऱ्या दिवशीही करता येते.

एवढं करूनही ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले गेले, तर आधी शोरूमच्या मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवावं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथेही निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, त्यापुढे थोडं भरावं लागतं. नव्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते. म्हणजे गाडी कोल्हापूरहून आणली असली तरी बेळगावच्या ग्राहकाला त्यासाठी कोल्हापूरच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. सोबत लागतं ते पहिल्या दिवशी मागून घेतलेलं ते फोड केलेलं कोटेशन.